मे महिन्यातलं मुलांचं निवासी शिबिर: आधी माणसं, मग जागा, बॅनर सगळ्यात शेवटी

दर वर्षी मार्चच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या ख्रिस्ती मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, फोन येतो. "पाचगणीला हॉल बुक झालाय, टी-शर्टचा रंग ठरलाय, बाहेरून वक्ते बोलावलेत. आता मुलांबरोबर कोण कोण जाणार ते बघतोय." पहिलं करायचं काम राहून गेलेलं असतं आणि ज्याची घाई नव्हती त्याचे पैसे भरून झालेले असतात. शिबिरात पुढे जो गोंधळ होतो, त्यातला बराचसा या उलट्या क्रमातून येतो. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या.

इथे विचार केलाय तो ९ ते १७ वयाच्या मुलांच्या, सोमवार ते शुक्रवार अशा चार रात्रींच्या शिबिराचा. चर्चच्या आवारात सकाळी भरणारी व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) वेगळी. तिथे मुलं दुपारी जेवायला घरी जातात, त्यामुळे यातलं निम्मं लागत नाही. वसईकडे कॅथलिक पॅरिशमध्ये फादर-सिस्टर असतील, आमच्याकडे त्यांच्या जागी पाळकसाहेब आणि पाळकीणबाई असतात. काम तेच.

## टप्पा १: वय, आकडा, तारीख (नोव्हेंबर)

"मुलांचं शिबिर" म्हणून आठ वर्षांचा बंटी आणि बारावीची ताई एकाच वेळापत्रकात घालू नका. ९ ते १२ आणि १३ ते १७ असे दोन गट करा. गाणी, जेवण, मैदान एकत्र चालेल. पाठ, झोपायच्या खोल्या आणि झोपायची वेळ वेगळी हवी. नऊच्या खालचं मूल घेऊ नका, मग ते पंचकमिटीच्या सेक्रेटरींचं नातवंड का असेना. एकाला सूट दिली की पुढच्या रविवारी चौघं उभे राहतात.

पहिलंच शिबिर असेल तर ३० ते ३५ मुलांवर थांबा. हा आकडा हॉलच्या क्षमतेवरून काढायचा नसतो. तो मोठ्या माणसांच्या संख्येवरून निघतो, म्हणून पुढचा टप्पा होईपर्यंत तो पेन्सिलीनेच लिहा.

तारखेचं गणित जरा किचकट आहे. 'नीट' परीक्षा अलीकडे मेच्या पहिल्या रविवारी होते, सीईटी त्याच्या आगेमागे. मोठ्या मुलांचा गट हवा असेल तर तो आठवडा सोडा. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट हे चर्चचे सण येतात आणि हे दोन्ही दिवस बहुतेक वर्षी मेमध्येच पडतात. पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय तारीख छापू नका. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन ठेपला. सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा कोकणात जाणार असाल तर मेचा दुसरा आठवडा बरा. लग्नसराईमुळे आचारी आणि बस याच दिवसांत मिळत नाहीत, तेव्हा तारीख ठरली की त्या दोघांना लगेच सांगून ठेवा.

## टप्पा २: माणसं (डिसेंबर)

मला सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला सांगायचंय.

अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं निवासी शिबिरांसाठीचं प्रमाण असं आहे: ९ ते १४ वयाच्या आठ मुलांमागे एक मोठा, १५ ते १८ वयाच्या दहांमागे एक. आपल्याकडे यावर बंधन नाही, पण मोजायला काहीतरी हवं, आणि हे माप चांगलं आहे. ३२ मुलं असतील तर चार गटप्रमुख झाले. घोळ इथेच होतो, कारण लोक चारावर थांबतात. स्वयंपाकावर लक्ष ठेवणारा एक, औषधपाण्याला एक (मंडळीत नर्स असतेच, तिला आजच विचारा), सगळ्यावर नजर ठेवणारा मुख्य एक, आणि गटप्रमुख आजारी पडला तर उभे राहणारे दोन, असे पाच जण गटाविना मोकळे हवेत. म्हणजे ३२ मुलांना नऊ माणसं. त्यातल्या निम्म्या तरी बायका. मुलींच्या खोलीजवळ रात्री दोन ताया झोपल्या पाहिजेत, त्यांच्यात एखादी तिशी-चाळिशीची असली तर उत्तम.

गटप्रमुख २१ च्या वरचा असावा. गेल्या वर्षी जो स्वतः शिबिरार्थी होता, तो यंदा १८ चा झाला म्हणून लगेच 'दादा' होत नाही. त्याला मैदान आखू दे, ढोलकी वाजवू दे, रात्रीची जबाबदारी देऊ नका.

माणूस घेताना चार गोष्टी करा. तो निदान वर्षभर मंडळीत येत असावा. त्याच्याकडून छोटा अर्ज लिहून घ्या. नातेवाईक नसलेल्या दोघांना फोन करून त्याच्याबद्दल विचारा. आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो, पण वेळ लागतो, म्हणून डिसेंबर. "अहो, आपल्याच मंडळीतला आहे, त्याच्या आजोबांपासून ओळखतो" ही पडताळणी नव्हे. एका दिवसासाठी येणारा गिटारवाला आणि नावाजलेले वक्ते यांनाही हेच नियम. मुलांच्या मजल्यावर त्यांची झोपायची सोय करायची नाही.

मग एका कागदावर नियम लिहा आणि प्रत्येकाची सही घ्या:

- कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीत राहणार नाही. मूल रडत असलं, प्रार्थना हवी असली, तरी व्हरांड्यात, चारचौघांना दिसेल असं बसायचं.
- मुलांशी खासगी व्हॉट्सअॅप नाही. शिबिराआधी नाही आणि नंतरही नाही.
- हात उगारायचा नाही. उपाशी ठेवणं, उन्हात उभं करणं, सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसवणं या शिक्षा बंद.
- अंघोळीच्या आणि झोपायच्या जागी मोबाइलचा कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

सावधान. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ च्या खालचं प्रत्येक जण बालक आहे. लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कलम १९ ने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर कैद एक वर्षापर्यंत जाते. "पाळकसाहेबांच्या कानावर घातलं आणि कमिटीत मिटवलं" याला कायद्यात जागा नाही. मूल काही सांगू लागलं तर ऐका, उलटतपासणी करू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि मुख्य माणसासह पोलिसांकडे जा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२.

तपासा. नऊ नावं, नऊ सह्या, नऊ प्रमाणपत्रं. सातच जमली तर मुलांची संख्या कमी करा. आता तो पेन्सिलीचा आकडा पेनने लिहा.

## टप्पा ३: जागा (जानेवारी)

फोटो बघून जागा घेऊ नका. दोघांनी जाऊन तिथे एक रात्र झोपा. दिवसा दिसत नाही ते रात्री दिसतं: शेजारच्या बंगल्यातली पार्टी, जिन्यातला बंद दिवा, आतून न लागणारी संडासाची कडी.

पाहायच्या गोष्टी साधारण अशा. मेमध्ये पाणी कुठून येतं? विहीर, नळ की टँकर? मालक "भरपूर आहे" म्हणतो तो जानेवारीतल्या पाण्याबद्दल बोलत असतो, तेव्हा तिथल्या वॉचमनला विचारा. दहा मुलांमागे निदान एक संडास आणि एक न्हाणी. मुलामुलींच्या खोल्यांना वेगळा जिना किंवा वेगळी इमारत. गच्ची आणि गॅलरीचा कठडा मुलाच्या छातीइतका. आवारात बिनकठड्याची विहीर किंवा तलाव आहे का? आपल्याशिवाय त्या दिवसांत आणखी कोणी उतरणार आहे का? असेल तर ती जागा सोडा. माकडं आहेत का, हे पाचगणी, महाबळेश्वर, माथेरानला विचारायची गरजच नाही. तिथे खाऊ उघड्यावर ठेवायचा नाही एवढंच.

मग गाडी काढा आणि जवळच्या रुग्णालयापर्यंत खरोखर जा. नकाशातली मिनिटं घाटात खोटी ठरतात. डॉक्टर रात्री असतात का आणि सर्पदंशावरची लस ठेवतात का, हे विचारून ठेवा. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत. पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनहून छोट्या रेल्वेगाडीने जायचं, सामान हमालाकडून न्यायचं. रुग्णवाहिकेची सोय आधी पक्की केल्याशिवाय दमा किंवा फिटचा त्रास असलेल्या मुलाला तिथे नेऊ नका.

सावधान. समुद्रकिनारी शिबिर असेल तर माझा नियम कडक आहे: वाळूत खेळा, पाण्यात उतरायचं नाही, घोट्यापर्यंतही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडला सहलीला आलेले पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजची मुलं होती, बरोबर शिक्षकही होते. ओहोटीचा ओढा पोहता येणाऱ्यालाही आत नेतो.

## टप्पा ४: अर्ज आणि संमती (फेब्रुवारी)

"मुलास काही आजार आहे का? हो / नाही." या प्रश्नाला आपल्याकडे शंभर टक्के आईबाप 'नाही' वर खूण करतात. मुलाला नेणार नाहीत अशी भीती असते. प्रश्न बदला: "गेल्या वर्षभरात मुलाने कोणकोणती औषधं घेतली?" आता दम्याचा पंप, फिटची गोळी, त्वचेचं मलम सगळं कागदावर येतं. तसंच "कोणत्या औषधाने किंवा पदार्थाने अंगावर पुरळ आलं होतं?", "रात्री अंथरूण ओलं होतं का किंवा झोपेत चालायची सवय आहे का? (ही माहिती फक्त खोलीच्या ताई-दादांना कळेल)". मुलींच्या अर्जावर पाळी सुरू झाली आहे का हेही याच खुलाशासह विचारा.

याशिवाय दोन पालकांचे नंबर, दोघंही न लागल्यास तिसरा, परतताना मुलाला न्यायला येणाऱ्याचं नाव, आणि तातडीच्या उपचाराला लेखी परवानगी. फोटोची परवानगी वेगळ्या ओळीत, वेगळ्या सहीने मागा. फोटोला नाही म्हणणारे पालक शिबिराला नाही म्हणत नसतात.

शेजारची, शाळेतली, ख्रिस्ती नसलेल्या घरातली मुलंही येतात, मित्राबरोबर यायला कुणाला नको असतं! त्यांच्या पालकांसाठी अर्जावर ठळक लिहा: हे ख्रिस्ती शिबिर आहे, इथे रोज प्रार्थना आणि पवित्र शास्त्राचा पाठ असतो. "व्यक्तिमत्त्व विकास शिबिर" असं नाव देऊन आत भलतंच निघालं तर तो विश्वासघात आहे, आणि पुढचे वाद वेगळे. आई किंवा वडिलांनी वाचून सही केली तरच मूल घ्या. सही मोठ्या भावाची चालत नाही.

## टप्पा ५: पैसे

एकच हिशेब दाखवतो, कारण चूक नेहमी इथेच होते. समजा हॉल, बस, साउंड, छपाई मिळून ६०,००० रुपये ठरलेला खर्च आहे, आणि जेवण, वही, किरकोळ असा माणशी १,८००. चाळीस मुलं येतील असं धरून माणशी ३,३०० शुल्क लावलं. आली अठ्ठावीस. जमा ९२,४००, खर्च १,१०,४००. अठरा हजारांचा खड्डा. आणि यात नऊ मोठी माणसं जेवणार हे अजून धरलेलंच नाही! त्यांचे १६,२०० वेगळे.

म्हणून शुल्क काढताना कमीत कमी किती मुलं येतील तो आकडा घ्या, मोठ्यांचं जेवण ठरलेल्या खर्चात टाका आणि वर एक दशांश तातडीसाठी ठेवा. ज्यांना भरणं शक्य नाही त्यांचं शुल्क मंडळीतल्या देणगीतून भरा, पण ते नाव खजिनदार आणि पाळकसाहेब या दोघांपलीकडे जाऊ देऊ नका. मी एका शिबिरात "सवलतीची मुलं" अशी वेगळी यादी दाराशी चिकटवलेली पाहिली आहे. त्यातलं एक मूल पुढच्या वर्षी आलं नाही.

## टप्पा ६: पाठ आणि वेळापत्रक (मार्च)

चार दिवसांसाठी चार विषय शोधत बसू नका. बायबलमधला एकच अध्याय घ्या आणि चार दिवस त्यात राहा. लूककृत शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय या कामाला फार सोयीचा: ३२ ओव्या, हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा, आणि चौथ्या दिवशी, धाकटा परतला म्हणून दाराबाहेर रुसून उभा राहिलेला थोरला. चर्चमध्ये वाढलेल्या मोठ्या मुलांना हा थोरला भाऊ नेमका ओळखीचा वाटतो. त्या दिवशी त्यांच्या गटात चर्चा थांबवावी लागते.

भाषेकडे बघा. आपली बहुतेक मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत इंग्रजी वाचतात. 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त', 'अभिषिक्त' हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि आठवीतल्या मुलाला सगळ्यांसमोर देवनागरी अडखळत वाचायला लावलं की तो चार दिवस तोंड उघडत नाही. सोप्या मराठीतलं भाषांतर मोठ्या अक्षरात छापून द्या. वाचन स्वखुशीने. सुवर्णवचन (बायबलमधली निवडक ओवी) पाठ करायची स्पर्धा ठेवायची तर गटाला गुण द्या, एकेकट्याला नाही.

नमुना दिवस:

- ६:३० उठणं, ७:०० शांत वेळ (लहानांना १० मिनिटं, मोठ्यांना २०)
- ८:०० नाश्ता, ९:०० गाणी आणि कृतिगीतं
- ९:४५ पाठ, मग लगेच छोट्या गटांत चर्चा
- ११:१५ हस्तकला किंवा नाट्य, सावलीत
- १२:४५ जेवण, १:३० ते ३:०० सक्तीची विश्रांती
- ३:३० बायबल क्विझ, ४:३० चहा-बिस्किटं, ५:०० मैदान
- ७:०० सायंभक्ती, ८:०० जेवण
- ९:०० लहान गट झोपायला, १०:०० मोठा गट

पाठ लहानांना २५ मिनिटं, मोठ्यांना ४० मिनिटं. वक्ते कितीही रंगात आले तरी घड्याळ दाखवायला एक माणूस नेमा. मोठ्यांसाठी एक बंद पेटी ठेवा, नाव न घालता प्रश्न टाकायला. त्यात येणारे प्रश्न प्रवचनात कधी येत नाहीत, आणि त्यांची तयारी वक्त्यांनी आदल्या रात्री करावी.

दुपारची विश्रांती कापून तिथे आणखी एक सत्र बसवायचा मोह प्रत्येक आयोजकाला होतो. सहा ते बारा वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, त्यापुढच्यांना ८ ते १०. तिसऱ्या दिवशी भांडणं, ताप, रडारड सुरू झाली की लोक सैतानाला दोष देतात. मी आधी वेळापत्रक मागतो.

## टप्पा ७: स्वयंपाक आणि औषधं (एप्रिल)

केटरर असेल तर त्याचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नपरवाना) क्रमांक घ्या. मंडळीतल्या बायका करणार असतील तर त्यांना पाठ, गट, मुलं यातलं काहीही देऊ नका. त्यांचं काम ते. मेनू साधा: पोहे, उपमा, वरण-भात, उसळ, पोळी, बुधवारी चिकन आणि तेव्हा शाकाहारींना तोडीचं काहीतरी. क्रीमचा केक नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन वाढायचा नाही. प्रवासाच्या दिवशी चिकनचे डबे तर नाहीतच.

ओआरएसच्या पाकिटावर किती पाणी ते वाचा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, लहान २०० मिलीलिटरचं. अख्खं मोठं पाकीट एका ग्लासात ढवळून देणारे स्वयंसेवक मी दर वर्षी थांबवतो. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मुलांची औषधं पहिल्याच दिवशी नर्सताईंकडे जमा: नाव, वेळ, मात्रा लिहिलेल्या पिशवीत. दम्याचा पंप याला अपवाद, तो मुलाजवळच राहील. पालकांना फोन न करता कोणतीही गोळी द्यायची नाही.

साप चावला तर दोरी आवळू नका, जखम कापू नका, पैंजण-अंगठी काढा, मुलाला हलू देऊ नका, १०८ लावा. कोकणात लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे त्यावर प्राझोसिन वापरलं जाऊ लागलं, पण ते द्यायचं डॉक्टरांनी. आपलं काम वेळेत पोचवणं. चपला झटकून घालायची सवय पहिल्या सकाळीच लावा.

वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो आणि मैदानाची वेळही तीच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप दोघांच्या मोबाइलवर ठेवा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर मैदान रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जाऊ नका. झाडाखाली थांबायचं नाही.

## टप्पा ८: प्रवास

गाडीची पाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची ओळखीची गाडी भाड्याने घेतली तर ते बेकायदा आहे आणि अपघातात विम्याचा प्रश्न उभा राहतो. एसटीची बस 'प्रासंगिक करारा'वर मिळते, आगारात लवकर विचारा. रात्रीचा प्रवास नको.

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो, तिथे पाच-सहा मुलं हमखास ओकतात. निघताना इडली किंवा चहा-खारी एवढंच द्या, वडापाव वरती पोचल्यावर. पिशव्या, पाणी, जुने टॉवेल पुढच्या सीटवर.

तपासा. मोजणी नावाने करा, डोकी मोजून नाही. बसमध्ये चढल्यावर, प्रत्येक थांब्यानंतर, उतरल्यावर. यादीच्या तीन प्रती: बसमधल्या मुख्याकडे, नर्सताईंकडे आणि गावात राहणाऱ्या एकाकडे.

## टप्पा ९: पहिली रात्र

पोचल्यावर लगेच भाषणं सुरू करू नका. आधी संडास दाखवा, मग खोली, मग 'रात्री काही झालं तर कोणाला उठवायचं' ती खोली. आगीची घंटा वाजली तर कुठे जमायचं ते एकदा चालून दाखवा.

आईची आठवण साडेनऊला येते, दिवे घालवले की. "एवढा मोठा झालास आणि रडतोस?" हे वाक्य बंद. मुलाला पाणी द्या, जवळ बसा, उद्याचं काहीतरी सांगा, त्याला एक काम द्या: सकाळी घंटा तू वाजवायची. लगेच घरी फोन लावून दिला तर बहुतेक वेळा रडं वाढतं. फोन दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, ठरलेल्या वेळी, सगळ्यांना. पालकांना हे आधीच सांगून ठेवा आणि रोज संध्याकाळी एक मेसेज पाठवा, म्हणजे ते गाडी काढून येत नाहीत. हट्ट तीन रात्री टिकला, जेवण सुटलं, तर मात्र पालकांना बोलवा.

अंथरूण ओलं झालं तर चादर ताईने इतर उठायच्या आत बदलायची. बाकी कुणाला कळता कामा नये.

## टप्पा १०: शेवटची रात्र

शेकोटी, मंद गिटार, दिवे बंद, साक्षी (आपल्या विश्वासाचे अनुभव सांगणं), आणि साडेअकरापर्यंत चालणारं आवाहन: "ज्यांना आपलं जीवन येशूला द्यायचंय त्यांनी पुढे या." चार दिवसांची थकलेली तेरा वर्षांची मुलं रडतात, एकाला बघून दुसरं पुढे जातं, आणि आयोजक घरी जाऊन आकडा सांगतात. मला हे पटत नाही, आणि मंडळीतल्या काहींना माझं हे बोलणं पटत नाही. असो. निदान एवढं पाळा: सायंभक्ती लांबली तरी साडेआठला संपवा. निर्णय हात वर करून घेऊ नका. ज्याला बोलायचंय तो सकाळी न्याहारीनंतर गटप्रमुखाशी, उघड्यावर बसून बोलेल. सकाळीही जे मूल येतं त्याचं ऐका. बाप्तिस्मा शिबिरात नाही. तो मंडळीत, पाळकांच्या हातून, आईवडिलांच्या समोर. ख्रिस्ती नसलेल्या घरातल्या मुलाकडून कसलीही प्रतिज्ञा, सही, कार्ड घ्यायचं नाही. त्याने गाणी म्हटली, मित्र केले, पुरे.

## टप्पा ११: मुलं घरी सोपवणं

परतीची बस चर्चच्या दाराशी आली की सगळे पांगतात, आणि मूल हरवतं ते इथे. एक टेबल, एक यादी. अर्जावर ज्याचं नाव त्याच्याच हाती मूल, त्याची सही. "काका आलेत, मी जातो" म्हणालं तरी पालकांना फोन लावा. उरलेली औषधं त्याच टेबलावरून परत. मुलाला ताप, जखम, भांडण काहीही झालं असेल तर ते पालकांना आपल्या तोंडून तिथेच सांगा, आठवड्याने मुलाच्या तोंडून कळण्याआधी.

येत्या रविवारी नऊ जणांनी उपासनेनंतर तासभर बसा. काय बिघडलं तेवढंच लिहा, कौतुक पाळकसाहेब करतीलच. अपघातांची वही आणि संमतीचे अर्ज कुलपात ठेवा. जमाखर्च पावत्यांसह मंडळीपुढे वाचा. विसरलेल्या वस्तू चर्चच्या मागच्या बाकावर मांडा: दोन टॉवेल, एक चष्मा आणि एका पायाची चप्पल नेहमी असते. चष्मा मात्र वाट न बघता त्याच दिवशी घरी पोचवा.